पापणीच्या कोपऱ्याची शस्त्रक्रिया: काय तपासावे, काय जपावे

खालची पापणी सैल पडली, डोळ्यातून सतत पाणी येऊ लागले किंवा बाहेरचा कोपरा खाली उतरला, की कॅन्थोप्लास्टीचा, म्हणजे पापणीचा बाहेरचा कोपरा आवळून बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. फक्त आकारासाठीही ती करतात, पण तपासणी मात्र तेवढीच कसून हवी.

डॉक्टर पापणी चिमटीत धरून पुढे ओढतात. ती डोळ्याच्या गोळ्यापासून 6 ते 8 मिलिमीटरपेक्षा जास्त सुटली तर सैल समजतात. मग खाली ओढून सोडतात. डोळा न मिचकावता ती लगेच जागेवर यायला हवी. डोळा कोरडा असेल तर ते आधीच कळले पाहिजे, नंतर कोरडेपणा वाढू शकतो.

सैलपणा थोडा असेल तर कंडरा (पापणीचा कोपरा हाडाला जोडणारा चिवट पट्टा) न कापता टाक्याने आवळतात, ती कॅन्थोपेक्सी. कॅन्थोप्लास्टीत भूल देऊन कोपऱ्यावर छेद घेतात, कंडरेची खालची फांदी सोडवतात, पापणीच्या टोकाची कडक पट्टी मोकळी करतात आणि ती डोळ्याच्या खोबणीच्या हाडावरच्या आवरणाला टाक्याने बांधतात. सगळी मेख या टाक्याच्या जागेत आहे. तो हाडाच्या कडेच्या आतल्या बाजूला हवा. पुढच्या कडेवर घेतला तर पापणी डोळ्याच्या गोळ्याला टेकत नाही, मध्ये फट राहते. बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा साधारण 2 मिलिमीटर वर असतो; त्याहून फार वर ताणून ‘मांजरडोळे’ मागणे शहाणपणाचे नाही. डोळे पुढे आलेले असतील तर जास्त आवळल्याने पापणी वर न चढता डोळ्याच्या गोळ्याखाली घसरते. वरची-खालची कड नीट जुळली नाही, तर कोपरा गोलसर होतो किंवा तिथे कातडीचा पडदा धरतो.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

पहिले 48 तास स्वच्छ कापडातून 10-10 मिनिटे गार शेक द्या, डोके उंच ठेवून झोपा. वाकणे, वजन उचलणे, डोळे चोळणे टाळा. कातडीचे टाके साधारण 5 ते 7 दिवसांनी काढतात. डोळ्याचा पांढरा भाग फुगणे बऱ्याचदा दिसते, ते हळूहळू ओसरते. मात्र अचानक तीव्र वेदना, डोळा कडक होऊन पुढे येणे किंवा नजर मंदावणे म्हणजे डोळ्यामागे रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा. दोन्ही बाजू सुरुवातीला सारख्या दिसत नाहीत, त्यामुळे आकाराच्या दुरुस्तीचा निर्णय काही महिने सूज पूर्ण उतरेपर्यंत घेत नाहीत.