१५४१ परत फिरू लागला

जर्मनीतल्या जुन्या बाजारात मिळालेला कमोडोर १५४१ (कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाचा फ्लॉपी ड्राइव्ह) जोडला. फ्लॉपीची यादी मागितली की लाल दिवा नुसता लुकलुकायचा. वाटलं, चिप गेली. गेली नव्हती. वर्षानुवर्षं पडून फ्लॉपी वाचणाऱ्या हेडवर मळ बसला होता, हेड ज्यावरून सरकतं त्या रुळांवरचं वंगण सुकून डिंक झालं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचा बोळा, रुळांवर थेंबभर हलकं तेल.

मग वेग. फ्लॉपी फिरवणाऱ्या चक्राच्या तळाशी रेघांची वर्तुळं असतात. ५० हर्ट्झच्या विजेसाठीचं वर्तुळ, विजेच्या तालावर लुकलुकणाऱ्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली, स्थिर दिसेपर्यंत वेगाचा स्क्रू फिरवला, म्हणजे मिनिटाला ३०० फेरे. (माझ्या एलईडी दिव्याखाली काही केल्या जमेना, अर्धा तास त्यातच गेला!)

शेवटी बोर्डावरचा पहिला जंपर (ड्राइव्हचा नंबर ठरवणारी छोटी जोडणी) कापला. आता संगणकासाठी हा ९ नंबरचा, माझ्या जुन्या ८ नंबरच्या ड्राइव्हशेजारी बसून फ्लॉपींच्या प्रती काढतो.