तलावातली शिंपली जगवायची तर अमोनियाची लिमिट कशी धरायची

तलावाचं पाणी टेस्ट करायला घेतलं की सगळ्यांचा पहिला सवाल एकच, अमोनिया किती चालतो, एक आकडा सांगून टाका. एक आकडा नसतंय ओ ते. सकाळी सातला जेवढा अमोनिया निवांत चालतो तेवढाच दुपारी तीनला शिंपल्यांना भारी पडतो, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात तर हे जास्तच होतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लिमिट कुणासाठी ते ठरवा. लोकं मासे बघतात आणि त्यातपण चिलापी. चिलापी गटारातपण जगते, मरळ तर वर येऊन हवा घेते, ह्यांच्यावरनं लिमिट धरली तर बाकीचे सगळे मेलेच समजा. अमोनियाला सगळ्यात नाजूक गोड्या पाण्यातली शिंपली आणि कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या गोगलगायी. मोहोळच्या बाजूला आमचा पाझर तलाव आहे, १९७२ च्या दुष्काळातला, लहानपणी तिथलं शिंपलं दगडावर घासून मधी भोक पाडायचो आणि त्यानं कैरी सोलायचो, सोलाणं विकत कोण आणतंय. आता काठाला नुसती पांढरी फक टरफलं. तुमच्याकडं बघायचं असेल तर टरफल उचला, दोन्ही झाकणं अजून जोडलेली आणि आतनं चकाकी असेल तर ते आत्ताच मेलंय, खडूसारखं झालं असेल तर जुनं आहे. शिंपल्याची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून फिरतात आणि मग गाळात पडून वाढतात, म्हणजे लिमिट धरायची ती ह्या गाळातल्या पिल्लांसाठी.

आता केमिस्ट्री, थोडीच. पाण्यात अमोनिया दोन रूपात असतो, अमोनियम आणि मोकळा अमोनिया, आणि जास्त विषारी आहे तो मोकळा. पीएच आणि टेंपरेचर वाढलं की अमोनियमचा मोकळा अमोनिया होतो. ३० डिग्रीच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला १ टक्कापण मोकळा नसतो, पीएच ८ ला साधारण ७ टक्के, आणि पीएच ९ ला जवळजवळ ४५ टक्के. म्हणजे तलावात नवीन काही न पडता नुसता पीएच वाढला तरी विष वाढलं.

आणि पीएच वाढतो कधी? दुपारी. शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यानं पाण्याची आम्लता कमी होते आणि पीएच चढतो. इथंच माझी चूक झाली, दोन महिने मी सकाळी आठच्या आत सॅम्पल घेत होतो कारण नंतर ऊन सोसत नाही, पीएच ७.९, पाणी २६ डिग्री, अमोनियाच्या टेस्ट किटवर ०.२५ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि मी खूश. मग एप्रिलात एकदा उशीर झाला, साडेतीनला गेलो, किटवर तोच ०.२५ चा रंग पण पीएच ८.८ आणि पाणी ३० डिग्री. सकाळच्या हिशेबानं लिमिट ०.६१ येते, दुपारच्या हिशेबानं ०.११. पाणी तेच, अमोनिया तोच, आणि आपण दुपटीच्या वर!

हे आकडे कुठनं आले तर अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, २०१३ मध्ये काढलेल्या सूत्रातनं. त्यांची आधीची लिमिट १९९९ ची होती, पीएच ७ आणि २० डिग्रीला ४.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, शिंपल्यांचा आणि गोगलगायींचा डेटा धरल्यावर ती १.९ वर आली. ही एकूण अमोनियाची, नायट्रोजन म्हणून मोजलेली, ३० दिवसांच्या सरासरीची लिमिट. आपल्याकडच्या ३० डिग्रीच्या पाण्याला ती अशी बसते: पीएच ७.५ ला ०.७३, ८ ला ०.४१, ८.५ ला ०.१८ आणि ९ ला ०.०८. वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहून ठेवा. मे महिन्यात उथळ पाणी ३० च्या वर गेलं तर अजून खाली या. त्या ३० दिवसांत कुठल्यापण सलग ४ दिवसांची सरासरी ह्या लिमिटच्या अडीचपटीवर जाऊ नये, आणि एका तासाच्या झटक्याची लिमिट वेगळी आहे, ३० डिग्रीला पीएच ८ असेल तर १.७ आणि ८.५ असेल तर ०.६५. म्हणजे एका दुपारी आकडा वर गेला म्हणून बोंब मारायची नाही, महिनाभराचं बघायचं, पण तासाची लिमिट ओलांडली तर त्याच दिवशी पळायचं.

कुणीतरी सीपीसीबीचा, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, आकडा तोंडावर मारणार, मासेमारीच्या ड वर्गाच्या पाण्याला मोकळा अमोनिया १.२ पर्यंत चालतो म्हणून. बरोबर आहे, कागदावर तसंच आहे. पण ३० डिग्री आणि पीएच ८ ला त्याचा हिशेब केला तर एकूण अमोनिया १६ च्या पुढं जातो, शिंपल्याच्या ०.४१ पुढं ह्याला काय म्हणायचं तुम्हीच बघा. आणि कारखान्याच्या सांडपाण्याला जे ५० मिलिग्रॅम आहे ते पाईपच्या तोंडाचं, तलावाचं नाही, हे दोन्ही लोकं हमखास एकत्र करतात.

मोजताना पीएच आणि टेंपरेचर तलावावरच घ्या, घरी आणल्यावर दोन्ही बदलतं. पीएच पेन आधी बफरला, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाला, लावून घ्या, नाहीतर पॉइंट तीनच्या फरकानं सगळी लिमिट फिरते. किटवर आकडा कशाचा आहे ते वाचा, अमोनिया म्हणून असेल तर ०.८२ नं गुणा, अमोनियम म्हणून असेल तर ०.७८ नं, तेव्हा नायट्रोजन मिळतो. रंगाचं कार्ड सावलीत बघा. किटची सगळ्यात खालची पट्टी ०.२५ ची असेल तर पीएच ८.५ च्या वर तिचा उपयोग नाही, सॅम्पल बर्फात घालून त्याच दिवशी लॅबला द्या. आणि पाणी काठावरनं वरचं वर भरू नका, बाटलीच्या बुडाला दगड आणि बुचाला वेगळी दोरी बांधा, तळाशी गेल्यावर बूच ओढा. शिंपली तिथं राहतात. आठवड्यातनं एकदा सकाळ-दुपार दोन्ही सॅम्पल, पावसाचं पहिलं पाणी आलं की जास्तीचं एक.

गावाची लिमिट मग अशी धरा, उन्हाळ्यातला दुपारचा सगळ्यात जास्त पीएच घ्या, त्या पीएचची ३० दिवसांची लिमिट काढा, आणि तिच्या निम्म्यावर आकडा आला की सोसायटीच्या माणसाला फोन करायचा, आणि पाण्यात अमोनिया कमी पडावा म्हणून माशांचं खाद्य आठवडाभर बंद, म्हशी धुवायला खालच्या पाटावर. आमच्याकडं म्हशीवाले ऐकले, खाद्यवाला अजून ऐकंना.