पोर्टफोलिओ वेबसाइट: ‘माझ्याकडे तर नीट दिसतंय’ म्हणण्याआधी या चुका टाळा

माझा पहिला पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःची कामं दाखवणारी वेबसाइट, ऑनलाइन गेला तेव्हा निम्मे फोटो गायब होते. लॅपटॉपवर मात्र सगळं झकास! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि कोडमध्ये मी स्मॉल लिहिलं होतं. विंडोजला दोन्ही सारखीच. वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या लिनक्स सर्व्हरला ती दोन वेगळी नावं. तेव्हापासून माझ्या फाइलची नावं सगळी स्मॉलमध्ये, मधे स्पेस नाही. एवढं करूनही फोटो येत नसेल तर पाथ, म्हणजे कोडमध्ये लिहिलेला फाइलचा पत्ता, बघा. तो ‘सी ड्राइव्ह’पासून सुरू होत असेल, तर फोटो फक्त तुमच्या लॅपटॉपवर उघडलेल्या पानातच दिसणार.

दुसरा घोळ फोटोच्या वजनाचा. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण 4000 बाय 3000 पिक्सेल, फाइल काही एमबींची. पानावर त्याला जागा समजा 800 पिक्सेल रुंद. सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने) तो लहान दिसतो, डाउनलोड मात्र पूर्ण होतो. चांगल्या स्क्रीनसाठी दुप्पट धरा, 1600 पुरे, आणि वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. लेझी लोडिंग, म्हणजे फोटो स्क्रीनवर येण्याच्या सुमारासच डाउनलोड करणं, खालच्या फोटोंनाच लावा. सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला लावलंत, तर जे आधी दिसायला हवं तेच उशिरा येतं. गूगलच्या निकषानुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक 2.5 सेकंदांच्या आत दिसायला हवा. हे रोजच्या ब्राउझरमध्ये तपासू नका, त्याने फाइली आधीच साठवून ठेवलेल्या असतात. इन्कॉग्निटो विंडो उघडा, वायफाय बंद करून फोनवर बघा. फोनवर अख्खं पान मुंगीएवढं दिसलं तर व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीत बसवायला सांगणारी कोडची ओळ, राहिलाय.

फिकट राखाडी अक्षरांचा मोह आवरा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5 : 1 कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा.

आता मजकूर. ‘एचटीएमएल 90 टक्के’ अशा, कौशल्य किती येतं ते दाखवणाऱ्या पट्ट्या मला कधीच कळल्या नाहीत. नव्वद टक्के कशाचे? त्यापेक्षा चारच कामं दाखवा, पण प्रत्येकात अडचण काय होती आणि तुम्ही काय ठरवलं ते लिहा. ‘ॲपचं डिझाइन केलं’ यातून काहीच कळत नाही. ‘नोंदणीच्या पाच पायऱ्या होत्या, त्या दोनवर आणल्या, कारण पत्ता नंतर विचारला तरी चालत होता’ यातून तुमचं डोकं कसं चालतं ते कळतं. काम टीमचं असेल तर आपला वाटा स्पष्ट सांगा. मुलाखतीत तो प्रश्न हमखास येतो.

संपर्काचा फॉर्म ही सगळ्यात फसवी जागा. गिटहब पेजेससारख्या स्टॅटिक होस्टिंगवर, म्हणजे तयार फाइली जशाच्या तशा दाखवणाऱ्या सेवेवर, सर्व्हरचा कोड चालतच नाही, त्यामुळे फॉर्म आपोआप मेल पाठवत नाही. त्यासाठी वेगळी फॉर्म-सेवा जोडावी लागते. ‘धन्यवाद, तुमचा संदेश मिळाला’ ही ओळ तुम्हीच लिहिलेली असते, ती संदेश पोचला नाही तरी झळकू शकते. दुसऱ्याच्या फोनवरून एक संदेश पाठवून बघा, स्पॅमही चाळा. आणि फॉर्मशेजारी साधा ईमेल पत्ता ठेवाच.