गाडीतला बीप पोराला ओळखतो की नुसता दरवाजाला, हे असं तपासा

शोरूमवाला सांगतो, सर रिअर सीट अलर्ट आहे (म्हणजे पोर मागच्या सीटवर विसरू नये म्हणून वाजणारा बीप), नो टेन्शन. लगेच मान डोलवू नका, टेस्ट ड्राइव्हला मागचा दरवाजा उघडून नुसता लावा, मागे कोणीच नको, एक राउंड मारा, गाडी बंद करा. रिकाम्या सीटवरही बीप आला म्हणजे सिस्टिमला फक्त दरवाजा उघडलेला कळला, मागे पोर आहे की डी-मार्टची पिशवी, तिला घेणंदेणं नाही. रडारवाली सिस्टिम मात्र झोपलेल्या बाळाचा श्वाससुद्धा पकडते.

फरक पडतो हो. 2024च्या एप्रिलमध्ये मुंबईत अँटॉप हिलला 5 आणि 7 वर्षांची दोन भावंडं उभ्या गाडीत अडकून दगावली, तिथे ना कोणी ड्राइव्ह करून आलेलं ना विसरलेलं, मग दरवाजावाला बीप वाजणार कधी?

इटलीत 4 वर्षांखालच्या पोरांसाठी सीटला अलार्म कंपल्सरी आहे, 2020च्या मार्चपासून दंडही लागतो. अमेरिकेच्या 2021च्या कायद्यात इंजिन बंद झाल्यावर 'मागे बघा' एवढाच अलर्ट मागितलाय, म्हणजे दरवाजावालाही चालून जाईल (कायदा करायचाच तर धड करा ना). युरो एनकॅप म्हणजे युरोपात गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणारी संस्था, तो कायदा नाही, पण तिथे 2025पासून पॉइंट पोराला थेट ओळखणाऱ्या सिस्टिमलाच. आपल्याकडे यातलं काहीच सक्तीचं नाही, त्यामुळे जुगाड आपल्यालाच करायचाय.

मोबाईल किंवा ऑफिसचं आयकार्ड मागच्या सीटवर टाका, त्याशिवाय लिफ्टपर्यंत पण जाणार नाही तुम्ही. पाळणाघरातल्या ताईंना सांगून ठेवा, साडेनऊपर्यंत पोर आलं नाही तर मेसेज नको, सरळ फोन करा. सोसायटीत उभी असली तरी गाडी लॉक, चावी पोरांच्या हाताला लागेल अशी नको. आणि चाइल्ड लॉक असेल तर मागचा दरवाजा आतून उघडत नाही, म्हणून पोराला पुढच्या सीटवर येऊन हॉर्न दाबून धरायला शिकवा, तुमच्या गाडीचा हॉर्न चावीशिवाय वाजतो का ते आधी बघा.

काच बोटभर उघडी ठेवून भागत नाही, उन्हात 10 मिनिटांत आतलं तापमान साधारण 10 अंशांनी चढतं आणि लहान पोराचं अंग मोठ्यांपेक्षा 3 ते 5 पट लवकर तापतं. कोणाच्या गाडीत पोर अडकलेलं दिसलं तर 112ला फोन, वॉचमनला हाक, आणि पोर मलूल वाटलं तर मालकाची वाट बघत बसू नका, पोरापासून लांबची साइडची काच फोडा.