दहा ओळींत अख्खा खेळ: कमोडोर ६४ वर बेसिक स्पर्धेची तयारी

जुन्या आठ-बिट घरगुती संगणकांसाठी ‘बेसिक टेनलाइनर’ नावाची स्पर्धा असते. अट छोटी आहे: खेळ बेसिक या जुन्या, सोप्या संगणक-भाषेत लिहायचा आणि दहा ओळींत संपवायचा. ओळ किती लांब असावी यावरून गट पडतात. ‘पुर-८०’ मध्ये ओळीला ८० अक्षरं, ‘पुर-१२०’ मध्ये १२०, ‘एक्स्ट्रीम-२५६’ मध्ये २५६. कमोडोर ६४ चा एडिटर ४० अक्षरांच्या दोन रांगा मिळून एक ओळ धरतो, म्हणजे ८०. अटारी तीन रांगा धरतो, म्हणजे १२०.

यंत्र कोणतंही चालतं. १९८४ नंतर शाळेतल्या ‘क्लास’ प्रकल्पात ज्यांनी बीबीसी मायक्रोवर बेसिक गिरवलं, त्यांनी खुशाल तेच घ्यावं. त्याच्या बेसिकमध्ये ‘एल्स’ (नाहीतर) आहे, प्रोसिजर (नाव देऊन पुन्हा वापरायचे तुकडे) आहेत. डेसिबेल्सने भारतात परवान्याने विकलेल्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचाही पर्याय आहे. इथे मात्र १९८२ चा कमोडोर ६४ घेतला आहे, कारण त्याचं बेसिक तोकडं असल्यामुळे ओळी वाचवण्याच्या युक्त्या त्याच्यावर नीट समजतात.

नवखा माणूस अक्षरं मोजत बसतो. खरी टंचाई ओळींची असते. या बेसिकमध्ये ‘इफ’ (जर) या आज्ञेची अट खोटी ठरली की त्याच ओळीत पुढे लिहिलेलं सगळं सोडून दिलं जातं. त्यामुळे प्रत्येक ‘इफ’ एक ओळ गिळतो, आणि आठ ‘इफ’ झाले की खेळ संपलाच. म्हणून आराखडा करतानाच ‘इफ’ टाळायचे.

त्याची मुख्य युक्ती अशी: कमोडोरवर खऱ्या अटीचं मूल्य −१ आणि खोट्या अटीचं ० असतं, म्हणून अट थेट गणितात घालता येते. दोन नंबरच्या पोर्टातली जॉयस्टिक स्मृतीतल्या ५६३२० या पत्त्यावर वाचता येते. काही दाबलेलं नसताना तिथे १२७ दिसतात, डावीकडे १२३, उजवीकडे ११९, फायरला १११. आकडा जसाच्या तसा तपासला तर तिरकी हालचाल किंवा फायरसोबतची हालचाल हुकते, म्हणून बिट तपासा: ४ चं बिट शून्य असेल तर डावी, ८ चं शून्य असेल तर उजवी. मग हालचाल एका वाक्यात बसते: नवं स्थान = जुनं स्थान + (डावी दाबली आणि स्थान ० पेक्षा मोठं) − (उजवी दाबली आणि स्थान ३८ पेक्षा लहान). चार ‘इफ’ वाचले, आणि कडेची मर्यादाही सांभाळली गेली. पोर्ट एक वापरू नका. ते कीबोर्डाशी जोडलेलं आहे, जॉयस्टिक हलवली की पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतात.

कार्यक्रमात दुसऱ्या ओळीवर उडी मारायची असेल तर ‘ऑन … गोटू’ वापरा. किंमत ० आली तर ते त्याच ओळीत पुढे जातं, ओळ वाया जात नाही. अटीच्या आधी उणे चिन्ह मात्र हवंच. ते विसरलं की −१ मिळतो आणि ‘इल्लीगल क्वांटिटी’ येऊन कार्यक्रम थांबतो.

आता पाच ओळींचा सांगाडा. खालून वर सरकत येणाऱ्या चांदण्या चुकवायच्या, एवढाच खेळ.

ओळ १: ‘वेट ५६३२०,१६,१६’ म्हणजे फायर दाबेपर्यंत थांब. मग ‘आरएनडी’ला (यादृच्छिक आकडा देणारी आज्ञा) उणे ‘टीआय’ (आतलं घड्याळ) देऊन यादृच्छिक आकड्यांची सुरुवात बदला, पडदा पुसा, ५३२८१ मध्ये ० घालून पार्श्वभूमी काळी करा, खेळाडूचं स्थान २० ठेवा आणि २४ वेळा रिकामं ‘प्रिंट’ करून कर्सर तळाला न्या.
ओळ २: ० ते ३८ पैकी एका स्तंभात चांदणी (*) छापा. पडदा आपोआप एक रांग वर सरकतो. जॉयस्टिक वाचा.
ओळ ३: वरचं हालचालीचं वाक्य.
ओळ ४: पत्ता = १४२४ + स्थान. तिथे आधी काय आहे ते वाचून ठेवा, मग तिथे २२ म्हणजे ‘व्ही’ घाला, पत्ता + ५४२७२ इथे १ घालून तो पांढरा करा, गुण एकाने वाढवा. वाचलेला आकडा ४२ नसेल, म्हणजे चांदणी नसेल, तर ओळ २ वर परत.
ओळ ५: गुण छापा आणि ‘रन’, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

स्तंभ ३८ पर्यंतच का? चाळिसाव्या जागी अक्षर छापलं की कर्सर स्वतःहून खालच्या रांगेत उतरतो, वर ‘प्रिंट’ स्वतःची रांग सोडतोच, आणि पडदा दोनदा सरकतो. हीच मर्यादा खेळाडूलाही लावली नाही तर शेवटच्या स्तंभात तो कायमचा सुरक्षित बसून राहतो. रंग वेगळा घालायचं कारण रॉम: काही आवृत्त्यांमध्ये पुसलेल्या जागेला पार्श्वभूमीचाच रंग मिळतो, आणि नुसतं घातलेलं अक्षर दिसत नाही.

‘वेट’ आणि ‘टीआय’ची जोडीही गरजेची आहे. संगणक चालू केल्यावर यादृच्छिक आकडे दर वेळी त्याच क्रमाने येतात. माणूस फायर कधी दाबेल ते ठरलेलं नसतं, म्हणून त्या क्षणाचं घड्याळ वापरायचं.

उरलेल्या पाच ओळींत खेळाला रंगत आणा. गुण वाढतील तशा चांदण्या वाढवणं सगळ्यात सोपं, पण एका रांगेत दुसरी चांदणी ‘टॅब’ने (कर्सर ठरावीक स्तंभावर नेणारी आज्ञा) छापायला जाऊ नका, कारण ‘टॅब’ मागे येत नाही. तळाच्या रांगेचा पत्ता १९८४ पासून सुरू होतो. तिथे थेट ४२ ‘पोक’ करा (‘पोक’ म्हणजे पत्त्यावर आकडा घालणारी आज्ञा), तेही सरकण्याआधी आणि रंगासकट. आवाजासाठी ५४२९६ वरचा व्हॉल्यूम बदलून टिकटिक काढतात. आवाजाच्या जुन्या ६५८१ चिपवर ती खणखणीत येते, नंतरच्या ८५८० वर जेमतेम ऐकू येते. परीक्षकाकडे कोणती असेल सांगता येत नाही, तेव्हा खरा स्वर वाजवणंच बरं.

व्हेरिएबलांची नावं एका-दोन अक्षरांची ठेवा, तसंही पहिली दोनच अक्षरं ओळखली जातात. ‘स्कोर’चं इंग्रजी स्पेलिंग नाव म्हणून वापरलं तर मधला ‘ऑर’ आज्ञा समजला जातो आणि सिंटॅक्स एरर येते. वारंवार लागणारा मोठा आकडा, जसा ५४२७२, व्हेरिएबलमध्ये ठेवा: अक्षरंही वाचतात, वेगही वाढतो. टक्के चिन्हाची पूर्णांक व्हेरिएबलं वेगवान असतील असं वाटतं, पण इथे ती उलट हळू चालतात, कारण आत सगळं गणित दशांशातच होतं. वेग मोजायला ‘टीआय’ पुरे: शंभर फेऱ्यांना लागलेले ठोके भागिले ६० म्हणजे सेकंद. 

‘प्रिंट’ऐवजी प्रश्नचिन्ह, ‘पोक’ऐवजी पी आणि शिफ्ट-ओ अशी संक्षिप्त रूपं स्पर्धेत चालतात. इथेच अनेकांचं काम फुकट जातं. संक्षेपात ७८ अक्षरांची ओळ ‘लिस्ट’ केली, म्हणजे पडद्यावर दाखवली, की पूर्ण शब्दांसह शंभरावर जाते. त्या ओळीवर कर्सर नेऊन रिटर्न दाबलं, तर ८० च्या पुढचा भाग तुटतो. म्हणून मूळ मजकूर संक्षेपासकट वेगळ्या फाइलमध्ये लिहा, बदल तिथेच करा, आणि व्हाइस इम्युलेटरसोबत (आजच्या संगणकावर कमोडोरची नक्कल करणारा कार्यक्रम) येणाऱ्या ‘पेटकॅट’ने त्याचा कार्यक्रम बनवा. पेटकॅट लांब ओळही मुकाट्याने स्वीकारतो, तेव्हा अक्षरं ओळ क्रमांकासकट स्वतः मोजा.

पाठवण्याआधी त्या वर्षीचं नियमपत्रक वाचा. डिस्क-प्रतिमा, मजकुरातली लिस्टिंग, खेळायचं कसं, खेळ सुरू कसा करायचा, पडद्याचं चित्र आणि प्रत्येक ओळीचं स्पष्टीकरण, हे सगळं एकत्र तयार ठेवा. जॉयस्टिक कोणत्या पोर्टात लावायची ते पहिल्याच ओळीत लिहा.