रोपा विएहा करताना या चुका टाळा

क्यूबाचं रोपा विएहा, म्हणजे शिजवून पिंजलेल्या गोमांसाचा टोमॅटो-मिरचीतला पदार्थ, करायला घेतलं की आपला हात सवयीने मटणाच्या रश्श्याकडे वळतो. बारीक तुकडे, मसाला, त्यातच शिजवणं. पदार्थ बिघडतो तो इथेच.

त्याची मुळं स्पेनमध्ये आणि कॅनरी बेटांवर आहेत. मांस उकळून आधी सूप करायचं आणि उरलेलं मांस पिंजून पुन्हा परतायचं, ही ती काटकसर. कॅनरीत आजही त्यात छोले पडतात. क्यूबात ढोबळी मिरची आणि टोमॅटो महत्त्वाचे. म्हणून शिजवणं दोनदा, आणि दोन्ही वेळा वेगळं.

मांस पोटाकडच्या भागाचं घ्या, लांब धाग्यांचं. चौकोनी तुकडे केले तर पिंजायला धागाच उरत नाही. धाग्यांना आडवे छेद देऊन चार-चार बोटं रुंदीचे मोठे तुकडे करा, म्हणजे धागेही तेवढेच लांब निघतात. कांदा, तमालपत्र घालून मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवा. मांस रबरासारखं लागतंय? ते बिघडलेलं नाही, कच्चं आहे. अजून अर्धा तास द्या. काट्याने ओढल्यावर धागे आपसूक सुटले पाहिजेत. कुकर चालतो, क्यूबातही तो घरोघरी असतो.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून आणि बैलाच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे, तेव्हा इथे म्हशीचं मांस वापरा, त्याला जास्त वेळ लागतो. मटणही चालेल. क्यूबातही गोमांस दुर्मीळ झाल्यावर अनेक ठिकाणी मेंढीचं मांस घालून हाच पदार्थ होऊ लागला.

शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. आपल्या आळणी रश्श्यासारखंच ते या पदार्थाचं सत्त्व आहे. मांस त्यातच कोमट होऊ द्या आणि मग हाताने पिंजा. गरम असताना बाहेर काढून ठेवलं तर कोरडं पडतं.

आता सोफ्रितो, म्हणजे पदार्थाचा परतलेला पाया. ऑलिव्ह तेलात कांदा, हिरवी ढोबळी मिरची, लसूण. इथली घाई मला अजिबात पटत नाही. कांदा लाल करायचा नाही. पंधरा मिनिटं मंद आचेवर मऊ होऊन मिरचीचा उग्र वास जाईपर्यंत थांबा. मग जिरेपूड, ओरेगानो, टोमॅटो, थोडी कोरडी व्हाइट वाइन. लाल तिखट आणि गरम मसाला नको, क्यूबाचं जेवण तिखट नसतं.

पिंजलेलं मांस आणि मांस शिजवलेलं वाटीभर पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. पातळ झालं तर झाकण काढून आटवा, पीठ लावू नका. कोरडं झालं तर तेच राखलेलं पाणी घाला. ऑलिव्ह आणि केपर्स (एका झुडपाच्या छोट्या कळ्या) शेवटी घाला. ती खारवलेली असतात, म्हणून मीठ त्यानंतरच चाखून घाला.

सोबत पांढरा भात, काळा घेवडा आणि साल काळी पडेपर्यंत पिकवून तळलेली नेंद्र केळी. साधी वेलची केळी तेलात विरघळतात, ती घेऊ नका.