किंगफिश म्हणजे आपली सुरमई नव्हे

अमेरिकेत पर्यटकांना पैसे घेऊन मासेमारीला नेणाऱ्या बोटी असतात, त्यांना चार्टर म्हणतात. त्यांच्या शर्टांवरची चित्रं मी घरबसल्या काढून देतो. फ्लोरिडातल्या अशा एका बोटीच्या कॅप्टनने मला पहिलं काम दिलं तेव्हा सगळी मागणी दोन ओळींची होती. क्रूसाठी लांब बाह्यांचे शर्ट, पाठीवर उसळी मारणारा किंगफिश आणि छातीवर बोटीचं नाव. मी मालवणचा. गोव्यातल्या शॅकच्या मेनूकार्डावर किंगफिश म्हणजे सुरमई, हे मला शाळेत असल्यापासून पाठ. बाजारात जाऊन फोटो काढले, तीन दिवस बसून अंगावरचे उभे नागमोडी पट्टे एकेक करून रंगवले आणि फाइल पाठवली. उत्तर आलं, 'चित्र सुंदर आहे. मासा कुठला?'

तिकडचा किंगफिश म्हणजे किंग मॅकरेल. सुरमईच्याच कुळातला, पण वाढलेल्या माशाच्या अंगावर ना पट्टे, ना ठिपके. नुसती चंदेरी कूस आणि पाठीवरच्या दुसऱ्या पराखाली झपकन उतरणारी बाजूची रेघ. पट्टे पुसून मासा नव्याने काढला. आमचे काका आयुष्यभर रापणीवर राहिलेले. त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाले, "ह्येचे पट्टे खंय गेले?"

दुसरा खड्डा 'डॉल्फिन'चा. फ्लोरिडातला कॅप्टन डॉल्फिन म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात माही-माही असतो, तो हिरवा-पिवळा-निळा मासा. माझ्या एका मित्राने खराखुरा हसरा डॉल्फिन काढून पाठवला होता. गळ टाकणाऱ्याच्या शर्टावर डॉल्फिन! माही-माहीत नराचं कपाळ भिंतीसारखं उभं असतं, मादीचं गोलसर. शिवाय मेल्यावर हा मासा काही मिनिटांत रंग टाकतो, म्हणून धक्क्यावर टांगलेल्या माशांचे फोटो रंगासाठी बघू नका. जिवंत, पाण्यातले फोटो शोधा. 'नोआ' या अमेरिकी सरकारी संस्थेने स्वतः काढलेले फोटो सहसा मुक्त असतात, पण प्रत्येकाखालची श्रेयओळ वाचा. गाय हार्वी हा माशांची चित्रं काढणारा तिकडचा नामवंत चित्रकार. त्याच्या माशांवर कागद ठेवून गिरवायचा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. हा माणूस सागरी जीवशास्त्र शिकलेला आहे, त्याची चित्रं तिकडे गल्लीतलं पोरही ओळखतं, आणि कायद्याचं लचांड वेगळंच.

हे लिहितोय कारण या कामाबद्दल विचारणारी मुलं पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा विचारतात. सॉफ्टवेअर शिकता येतं. हा शर्ट बघणारा माणूस मासा ओळखतो, त्याच्यापुढे चूक लपत नाही.

बोटीचंही तसंच. मागे तीन इंजिनं असताना चित्रात दोन दाखवलीत, तर त्याच्या बैलजोडीतला एक बैल गायब केल्यासारखं आहे. कामाआधी बोटीचे दोन्ही बाजूंचे आणि मागचा फोटो मागवायचा. नावाची अक्षरं बोटीच्या मागच्या फळीवर जशी आहेत तशीच घ्यायची. तिथल्या छोट्या चार्टरना 'सिक्स-पॅक' म्हणतात, कारण त्या परवान्यावर पैसे देणारे सहाच प्रवासी नेता येतात. म्हणजे धंदा एका माणसाचा, त्याचं नाव आणि त्याची बोट हाच त्याचा ब्रँड.

आता कापड. छपाई तिकडचाच छापखाना करतो, मी फाइल पाठवतो. पण छपाई कळल्याशिवाय फाइल बनत नाही. क्रूचा शर्ट बहुधा पातळ पॉलिएस्टरचा, फिक्या रंगाचा, यूपीएफ ५० लिहिलेला. म्हणजे कापडातून अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, २ टक्के, आत जातो. त्यावर सब्लिमेशन उत्तम बसतं: कागदावर उलटं छापायचं, साधारण २०० अंश सेल्सिअसला पाऊण-एक मिनिट दाबायचं, शाईची वाफ होऊन रंग धाग्यातच मुरतो. हाताला काही लागत नाही, वारा आरपार जातो. पण या शाईत पांढरा रंग नसतो. पांढरं म्हणजे कापड. माशाचं पोट पांढरं हवं आणि शर्ट आकाशी, तर पोट आकाशीच येणार. मी आता माशाचा पांढरा भाग आधी ठरवतो, मग शर्टाचा रंग विचारतो.

गडद पॉलिएस्टरवर स्क्रीन प्रिंट, म्हणजे जाळीतून शाई दाबून छपाई, करायची तर त्याहून वाईट भानगड. कोल्हापुरात एका छापखान्यात नोकरीला होतो तेव्हा कबड्डी संघाच्या लाल जर्सी आल्या. पांढरे आकडे छापले, शाई पक्की करायच्या भट्टीतून काढले, झकास दिसत होते. दोन दिवसांनी गठ्ठा सोडला तर सगळे आकडे गुलाबी! उष्णतेने कापडातला लाल रंग सुटून शाईत चढला होता. मालकाने ते नुकसान माझ्या पगारातून वळतं केलं, तो राग अजून आहे. तेव्हापासून रंगीत पॉलिएस्टर दिसलं की मी छापखान्याला आधीच विचारतो: रंग अडवणारी शाई आहे का, आणि भट्टी किती तापवणार?

प्रवाशांना विकायचे शर्ट वेगळे. ते सुती, आठवण म्हणून घरी नेले जातात, त्यांच्यावर जाड छपाई चालते. क्रूच्या पाठीवर मात्र शाईचा सलग ठोकळा ठेवलात तर दुपारी पाठीला पत्रा बांधल्यासारखं होतं. ठिपक्यांनी फोडा, कापड श्वास घेऊ दे. टोपीवर भरतकाम असेल तर पाच मिलिमीटरपेक्षा बुटकी अक्षरं देऊ नका, 'ए' आणि 'ई'ची पोटं भरून जातात. फोन नंबर पाठीवर मोठा हवा, कारण धक्क्यावरून माणसाला क्रूची पाठच दिसते. क्यूआर कोड मागणारे भेटतात. हलत्या, चुरगळलेल्या पाठीवरचा कोड कोण स्कॅन करणार, एवढंच मी विचारतो.

पैशाचं थोडक्यात: निम्मे आधी, उरलेले मिळाल्यावरच छपाईची फाइल. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीचे वेगळे पैसे. फ्लोरिडाचा बराचसा भाग आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. कॅप्टन पहाटे समुद्रावर जातो, संध्याकाळी बोट धुऊन झाली की मेसेज बघतो, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे चार-पाच. रात्रभर फोन उशाशी घेऊन बसू नका, सकाळी सहाला उठून उत्तर द्या.

आणि सरावाला फ्लोरिडाचा मासा लागत नाही. उद्या बाजारातून एक बांगडा आणा. कापण्याआधी ओट्यावर आडवा ठेवून, डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढा. शेपटीच्या अलीकडे वर पाच आणि खाली पाच चिमुकले पर असतात, ते मोजा. मग फोटो बाजूला ठेवून नुसत्या आठवणीने काढा. पहिल्या वेळी माझे वर सात झाले होते आणि खाली एकही नव्हता.